बशीत राहिलेला चहा

सुकदेवबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. तो निबंध होता, पंधराशे शब्दांचा, गुजरातीत, आणि चांगला उतरला होता. इतका चांगला की कॉलेजच्या मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला. वाईट उतरला असता तर आज हे दुसऱ्यांदा लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

आम्ही तेव्हा सुरतेत उधन्याला राहायचो. अप्पा बँकेत, आई घरी आणि मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, समाजशास्त्र घेऊन. साल शहाण्णव. आमच्याकडे भांडी घासायला रंभाबाई यायच्या, त्यांचा नवरा सुकदेव. मूळ गाव पारोळ्याजवळ, पण वीसेक वर्षं सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. रात्रपाळी करून तो सकाळी सातला सुटायचा आणि खोलीची किल्ली रंभाबाईंच्या कमरेला असल्यामुळे आधी आमच्या मागच्या दाराशी यायचा. किल्ली लगेच मिळायची, पण आई चहा दिल्याशिवाय त्याला सोडायची नाही.

पायरीवर बसलेला सुकदेव मला अजून दिसतो. ठेंगणा, काटक, चाळिशीतच भुवया पांढऱ्या झालेला. त्या म्हातारपणाने नव्हे, सुताच्या धुरळ्याने. कानांत कापसाचे बोळे. मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि म्हणून तो प्रत्येक वाक्य सभेत बोलल्यासारखं बोलायचा. आई म्हणायची, "सुकदेव, हळू बोल रे, शेजाऱ्यांना वाटेल आमच्याशी भांडतोयस." त्यावर तो मान डोलवायचा आणि त्याच आवाजात "बरं वहिनी" म्हणायचा.

चहा तो बशीत ओतून प्यायचा. संपला की बशीत घोटभर पाणी घालायचा, फिरवायचा आणि तेही पिऊन टाकायचा. चहा सांडलेला किंवा उरलेला त्याला बघवत नसे. एकदा माझा अर्धा कप मोरीत ओतताना त्याने मला पाहिलं आणि आपण कुणाच्या तरी ताटातलं टाकलं असं मला वाटलं.

त्याची करामत म्हणजे गाठ. मागावरची तुटलेली तार, म्हणजे धागा, तो एका हाताने सांधायचा. आमच्या पायरीवर आईच्या शिवणाचा दोरा घेऊन त्याने मला दहा वेळा दाखवलं, मला दोन्ही हातांनीही जमलं नाही. "चिंध्या माझ्यापरीस भारी बांधतो," असं तो वर म्हणायचा.

चिंधा त्याचा जोडीदार. लूमच्या धंद्यात एका कारागिराकडे आठ माग असतात, आणि त्याच आठ मागांवर बारा तास एक माणूस, बारा तास दुसरा. ते दोघे एकमेकांचे जोडीदार. पाळी बदलताना माग थांबवत नाहीत, चालता माग हातात द्यायचा असतो. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून जो माग त्रास देत असेल त्याच्या चौकटीला हे दोघे लाल सुताची शेंडी बांधून ठेवत. आलेल्या माणसाने शेंडी बघायची आणि आधी तिकडे जायचं. सोळा वर्षं त्यांचं एवढंच संभाषण कामावर होत असे. आणि दर पंधरा दिवसांनी पाळी उलटायची, दिवसाचा रात्री, रात्रीचा दिवसा. हा सगळ्याच खात्यांचा, म्हणजे लूमच्या कारखान्यांचा, नियम.

आता निबंधाकडे येते. दलाल मॅडमनी आम्हाला तुलनात्मक निबंध लिहायला दिला होता. दोन माणसं, दोन वस्त्या, दोन धंदे, काहीही घ्या. पण पुस्तकातून नको, पायाने जाऊन बघून या. कसा लिहायचा हेही त्यांनी फळ्यावर समजावलं. एक तर आधी एकाबद्दल सगळं लिहायचं आणि मग दुसऱ्याबद्दल. किंवा एकेक मुद्दा घेऊन दोघांना शेजारी उभं करायचं. दुसरी पद्धत अवघड, पण वाचायला चांगली. लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखा, म्हणाल्या. साम्य, भेद आणि तिसरा, ही तुलना कशासाठी. "साम्य सगळ्यांना दिसतं," त्या म्हणाल्या, "भेद नीट पाहिलात तरच हाताला काही लागेल. आणि तिसरा रकाना रिकामा असेल तर लिहायला बसू नका."

मी त्या काळी फार शहाणी होते. बाकीच्या मुली जुनं सुरत आणि नवं सुरत, सासर आणि माहेर असले विषय घेत होत्या, तेव्हा मी म्हटलं, एकाच मागावरची दोन माणसं घेऊ. बाकी सगळं सारखं असताना माणसं वेगळी का होतात? विषय सांगितल्यावर मॅडमचे डोळे चमकले आणि मी तिथेच निम्मी विरघळले.

खात्यात बाईमाणसाला कोण आत सोडणार? पण सुकदेवचं खातं आमच्याच वर्गातल्या हितेशच्या काकांचं निघालं. हितेशने शब्द टाकला आणि काकांनी परवानगी दिली. हे मुद्दाम सांगून ठेवते. हितेश कुणाचा पुतण्या आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात मी सहा-सात वेळा गेले, कधी सकाळी सातला, कधी संध्याकाळी. चिंधा उंच, देखणा, हसरा माणूस. मी गेले की तोंड भरून हसायचा आणि काम करत राहायचा, बोलणं व्हायचं ते पाळी सुटल्यावर दाराबाहेर. त्यांचे आठ माग पूर्वेच्या खिडकीशी होते. शेजारच्या मागांवर मगन नावाचा कारागीर होता, वाऱ्याने तार हलते म्हणून तो ती खिडकी लावायला जायचा आणि चिंधा उघडायचा. त्यांची हातवाऱ्यांनी होणारी भांडणं बघून मला हसू यायचं.

घरी येऊन मी रकाने भरत होते. साम्याचा रकाना पटकन भरला, गाव, वय, शिक्षण, धंदा. भेदाचा भरेना. मग हळूहळू दिसू लागलं. पंधरवडा उलटला तरी सुकदेव रात्रीच. आणखी एक उलटला, तरी रात्रीच. त्यातून थंडीत दिवस लवकर मावळायला लागल्यावर सुकदेव सातऐवजी सहालाच हजर, आणि चिंधा लगेच डबा उचलून बाहेर. खात्यावर देखरेख करणारा मास्तर तिकडे फिरकायचा नाही, कारण कापड बिनडागाचं निघत होतं. मी भेदाच्या रकान्यात लिहिलं: एक कष्टाळू, एक कामचुकार. केवढा आनंद झाला मला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर मी सुकदेवला म्हटलं, "चिंधाभाऊंचं बरं आहे. आयत्या पिठावर रेघोट्या. रात्री तुम्ही मरायचं आणि ते दिवसा पाळी करून तासभर आधी घरी."

त्याने आधी चहा संपवला. बशी विसळून प्यायला. मग म्हणाला, "ताई, त्याले तसं नका म्हणू."

"मग कसं म्हणू?"

"त्याले रातचं दिसत नाही." तो हेही मोठ्यानेच म्हणाला आणि मग इकडेतिकडे बघितलं. "दिवसा खिडकीच्या उजेडात तार बरोबर दिसते. सूर्य बुडाला का संपलं. ट्यूबलाइटमधे त्याले माग दिसतो, तार दिसत नाही. दोन वर्सं झाली. शेठले कळलं तर एक दिवस ठेवणार नाही."

मी वही उघडली नाही, पण एक शब्दही विसरले नाही. म्हणून रात्र सगळी सुकदेवची. म्हणून थंडीत एक तास आधी. मी विचारलं, बारा तास रोज रात्रीचे, तेही दुसऱ्यासाठी, तुम्हाला जड जात नाही? तेव्हा त्याने प्लेगच्या सालचं सांगितलं. चौऱ्याण्णव साली रंभाबाई मुलांना घेऊन माहेरी होत्या आणि सुकदेवला ताप भरला. गल्लीतली सगळी माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, आख्खं सुरत पळत होतं. चिंधाचं तिकीट काढलेलं होतं. तो गेला नाही. "माझं तोंड पुसे, पाणी पाजे. मी म्हटलं, पळ ना रे येड्या. तर म्हणे, तुले प्लेग तर माले बी प्लेग. मंग हिवताप निघाला." सुकदेव हसला. "आता सांगा, मी रात करतो ते काय जास्त करतो?"

उठताना तो म्हणाला, "हे कागदावर नका आणू, ताई."

"मी नावं बदलीन," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. नावं बदलणं म्हणजे सगळं झाकणं, असं त्याला वाटलं असणार, कारण मी तशाच खात्रीने सांगितलं होतं.

मी खरंच नावं बदलली. सुकदेवचा रामू केला आणि चिंधाचा शामू. पण आठ माग आठच ठेवले, पूर्वेची खिडकी ठेवली, लाल सुताची शेंडी ठेवली, कारण ते सगळं फार सुंदर होतं. आणि भेद! एकाला रात्री दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. एक उजेडात जगतो, दुसरा अंधारात. मुद्द्यागणिक लिहिलं, दोघांना शेजारी उभं केलं. प्लेगचं मात्र गाळलं. पंधराशेची मर्यादा होती आणि तो मजकूर साम्याच्या रकान्यात जात होता. त्याने माझा भेद मऊ पडत होता. तिसरा रकाना रिकामाच होता. तरी मी लिहायला बसले.

जानेवारीत मॅडम वर्गात आल्या त्या माझे कागद हातात घेऊन. म्हणाल्या, वाचते, सगळ्यांनी ऐका, तुलना अशी करतात. मला वाटलं होतं, फक्त मॅडम वाचतील. त्यांचा आवाज भरदार होता आणि माझी वाक्यं त्यांच्या तोंडी माझीच वाटेनात, इतकी छान वाटत होती. दुसऱ्या बाकावर हितेश बसला होता. शेंडीचा परिच्छेद आला तेव्हा त्याने मान वर केली. पुढे काय येणार ते मला पाठ होतं. मधे दोन परिच्छेद होते, म्हणजे निदान दोन मिनिटं. उठून "मॅडम, पुढचं नका वाचू" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मला घाबरायला झालं म्हणून नव्हे. माझं कौतुक चाललं होतं आणि ते मला थांबवावंसं वाटलं नाही. खरं कारण एवढंच आहे.

पंचवीसपैकी एकवीस मिळाले. वर्गात सगळ्यात जास्त.

आठवड्याने हितेश कॅन्टीनमध्ये हसत हसत आला. "तारा निबंधे तो भारे काम कर्युं," म्हणाला. माझ्या निबंधाने मोठंच काम केलं म्हणे. त्याने घरी जेवताना गंमत म्हणून काकांना सांगितलं होतं.  पंधरवडा उलटायच्या दिवशी काका स्वतः खात्यात जाऊन उभे राहिले आणि चिंधाला रात्रपाळीला बसवलं. नऊ वाजेपर्यंत त्यांना बघायचं ते दिसलं. सकाळी चिंधाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. "काका खोटुं नथी कहेता," हितेश म्हणाला. काकांचं म्हणणं चुकीचं नाही, रात्री न दिसणाऱ्या माणसाचा हात मागाच्या पट्ट्यात गेला तर जबाबदार कोण?  काकांकडे जाऊन निदान बोलून बघायला हवं होतं. मी गेले नाही. हितेशचं तोंड चुकवत घरी आले आणि आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव पायरीवर होता. आईने चहा ठेवला आणि ती आत गेली. रंभाबाई मोरीवर भांडी घासत होत्या, नेहमीपेक्षा जोरात. मला बाहेर जायचं नव्हतं, पण त्याने हाक मारली.

"ताई, चिंध्याले काढलं."

"हो का?" मी म्हटलं. हे दोन शब्द मी ज्या आवाजात म्हटले तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तो माझ्याकडे बघत राहिला. बशीत चहा ओतला, एक घोट घेतला. "शेठले कसं कळलं असंल? कोणी सांगितलं असंल?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "मगनने सांगितलं असेल. त्या खिडकीवरून त्यांची भांडणं व्हायची ना."

सुकदेवने बशी पायरीवर ठेवली. किल्ली घेतली आणि गेला. बशीत अर्धा चहा तसाच होता. मला वाटलं, बिचाऱ्याला दुःखाने घोट गेला नाही. मी तो मोरीत ओतला आणि बशी धुतली.

शेठ त्याला नवा जोडीदार देत होते. तो नको म्हणाला. आठवड्याभरात दोघांनी सुरतेबाहेर कडोदऱ्याला खोल्या घेतल्या आणि रंभाबाईंचं आमच्याकडचं काम सुटलं. आई हळहळली. अप्पा म्हणाले, ही माणसं एका जागी टिकत नाहीत. मी ताटावर खाली मान घालून जेवत होते.

एम.ए. झाले, आणि नव्याण्णवला एका कॉलेजात शिकवायला लागले. एके दिवशी तुलनात्मक निबंध शिकवायचा होता. फळ्यावर तीन रकाने आखले. साम्य लिहिलं, भेद लिहिलं, आणि तिसऱ्याचं नाव लिहिताना हात थांबला. मुलं वाट बघत होती. त्याच रविवारी मी कडोदऱ्याची बस धरली.

शोधायला वेळ लागला नाही. लूमवाल्यांच्या चाळीत सुकदेवचं नाव सगळ्यांना माहीत होतं. दुपारचे चार वाजले होते. ओट्यावर चिंधा बसला होता, पुढ्यात वापरलेल्या कांड्यांचा ढीग, त्यांच्यावरचं उरलेलं सूत तो बोटांनी सोडवत होता. नजर समोरच्या भिंतीवर. मी दोन हातांवर उभी होते तरी त्याने मान वळवली नाही. त्याला आता दिवसाही दिसत नव्हतं.

सुकदेव झोपून उठला होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. रंभाबाईंनी बसायला दिलं, आईची चौकशी केली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी सुकदेवला म्हटलं, जरा बाहेर या. चाळीच्या टोकाला नळाजवळ आम्ही उभे राहिलो. बसमध्ये पाठ केलेलं सगळं मी विसरले.

"सुकदेवभाऊ, मगन नव्हता. मी होते. माझ्या निबंधातून कळलं."

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "शेठनं त्याच सकाळी सांगितलं. तुमच्या कॉलेजात वाचून दाखवलं म्हणे. तिथून उठलो तो तुमच्याकडेच आलो."

ते समजायला मला एक क्षण लागला. पायरीवर बसून "कोणी सांगितलं असंल" असं त्याने विचारलं तेव्हा त्याला ठाऊक होतं.

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं." तो नळाकडे बघत होता. "सांगितलं असतं तर राग आला असता, गेला बी असता. चूक होते माणसाची. पण तुम्ही मगनचं नाव घेतलं."

त्याने बशीत अर्धा चहा का ठेवला होता ते मला तेव्हा कळलं, आणि रडू आलं. त्याने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग म्हणाला, "मगनले मी काही बोललो नाही. तो साधा माणूस. आणि चिंध्याले तुमचं माहीत नाही. त्याले सांगितलं, शेठनं सोताच ओळखलं. तो तुम्हाले फार मानतो. इथं सगळ्यांले सांगत असतो, आपल्यावर एका ताईनं लिहिलं. त्याच्यापाशी आता तेवढंच आहे. ते नका काढून घेऊ."

म्हणजे ज्याची माफी मागायची त्याच्याकडे ती मागायची नाही. आम्ही परत ओट्यावर आलो.

"उधन्याची ताई ना?" चिंधा हसला. तेच तोंडभर हसू. "आवाजावरून ओळखलं. ताई, किती मार्क पडले होते?"

"एकवीस. पंचवीसपैकी."

"बघ," तो सुकदेवच्या दिशेने म्हणाला. मग बोटं कांडीवर चालू ठेवत त्याने विचारलं, "काय काय लिहिलं होतं आमचं? हा काही सांगत नाही."

सुकदेव माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "प्लेगच्या सालचं लिहिलं होतं. यांना ताप आला, सगळे पळाले, आणि तुमचं तिकीट काढलेलं असून तुम्ही राहिलात, ते."

चिंधाचे हात थांबले. "ते लिहिलं?" तो म्हणाला. "मले वाटलं, लूमचंच लिहिलं असंल."

"तेच मुख्य होतं," मी म्हटलं.

रंभाबाई चहा घेऊन आल्या. कपबशा चारच होत्या.  मी बशीत ओतून सगळा चहा प्यायले, आणि पिताना मला कळत होतं की सुकदेव माझ्या बशीकडे बघतो आहे.